पाहुणे आलेत? चला नरखेडला!

मुंबई-पुण्याचे पाहुणे नागपूरला आले की फर्माईश ठरलेली : सावजी आणि संत्री. सावजी शहरातच खिलवा. संत्र्यांसाठी मात्र इटारसी लाइनची गाडी पकडून थेट नरखेड गाठा. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहार, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग. मालकाला विचारूनच बागेत शिरा आणि संत्री विकत घ्या, फुकट नको! जलालखेड्याला वर्धा-जाम संगम बघा. पलीकडे आमनेरचा पडका किल्ला, फोटो झकास येतात.

मग मोवाड. ३० जुलै १९९१ला वर्धेच्या पुरात हे गाव उद्ध्वस्त झालं, दोनशेहून जास्त माणसं गेली. इथे कॅमेरा बॅगेतच राहू द्या. गाव पुन्हा वसलंय. चहा घ्या, कुणी बोललं तर ऐका. शहराला संत्री पुरवणाऱ्या या भागाने काय सोसलंय, हेही पाहुण्यांना कळू दे.