गाड्यांची हौस कोणाची आणि मंदीची झळ कोणाला?

१० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी चेन्नईत सांगितले की, वाहनविक्री घसरण्यामागे तरुण पिढीची बदललेली मानसिकता हेही एक कारण आहे. कर्जाचे हप्ते अंगावर घेण्यापेक्षा या पिढीला ओला, उबर किंवा मेट्रोने जाणे बरे वाटते, असा त्यांचा मुद्दा होता. त्यावर भरपूर विनोद झाले आणि दोन दिवसांत विरलेही. आम्ही मात्र ते विधान विसरू शकलो नाही. त्या काळात आम्ही भोसरी-चाकण पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये काम करत होतो. गाडी विकली जात नाही म्हणजे नेमके काय होते, ते तिथे घराघरात दिसत होते.

आधी विधान तपासू. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा जवळपास ३२ टक्क्यांनी घसरली. हा आकडा वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेचा आहे. पण त्याच महिन्यात दुचाकींची विक्री २२ टक्क्यांनी आणि व्यावसायिक वाहनांची जवळपास ३९ टक्क्यांनी खाली आली. आता प्रश्न असा की, ट्रक घेणाऱ्याने ओला-उबर मिळते म्हणून ट्रक घेतला नाही का? मोटारसायकलवर दूध घालणाऱ्याची मानसिकता बदलली होती का?

खरी कारणे वेगळी होती. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था कोलमडली आणि वाहनकर्ज देणाऱ्या बिगर-बँक कंपन्यांचा पैसा आटला. त्याच महिन्यापासून नव्या गाडीसाठी तीन आणि दुचाकीसाठी पाच वर्षांचा विमा एकदम भरणे बंधनकारक झाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंजिने सक्तीची होणार होती, म्हणून अनेकांनी खरेदी पुढे ढकलली. ट्रकवर लादायच्या मालाची मर्यादा २०१८ मध्ये वाढल्याने तितकाच माल कमी ट्रकमध्ये मावू लागला. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे लोकांच्या हातात पैसा नव्हता.

हौस कमी झाली असे म्हणताना आणखी एक गोष्ट दडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या शंभरपैकी जेमतेम आठ घरांकडे कार आहे. म्हणजे बाकीच्या ब्याण्णव घरांच्या हौसेचा प्रश्नच आला नाही. पण त्या ब्याण्णव घरांतले लाखो हात कार बनवतात, धुतात, रंगवतात आणि शेवटी भंगारात तोडतात. गाडी त्यांच्या दारात कधीच उभी राहिली नाही. मंदी मात्र थेट त्यांच्या दारात आली.

ती कशी आली, ते पाहू. मोठी कंपनी आठवड्यातले दोन-तीन दिवस उत्पादन थांबवते. याला तिकडे ‘नो प्रॉडक्शन डे’ म्हणतात. तिला सुटे भाग देणारा कारखानदार मग तीन पाळ्यांची एक पाळी करतो. त्याच्याकडून जॉबवर्क घेणारा, भोसरीच्या एखाद्या गाळ्यात दोन सीएनसी मशीन टाकून बसलेला माणूस दिवसभर रिकामा बसतो आणि मशीनच्या कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाही. प्रेस शॉप, फाउंड्री, पावडर कोटिंग, सीटची शिलाई, मालाचा टेम्पो असे एकेक थांबत जाते. शोरूममध्ये विक्री करणारी मुले, सर्व्हिस सेंटरचे मेकॅनिक, वॉशिंगवाले यांच्यावर पाळी येते. वितरकांच्या फाडा या संघटनेने त्या वर्षी सांगितले की, तीन महिन्यांत शोरूममधून सुमारे दोन लाख लोकांना काढावे लागले. सुट्या भागांच्या उत्पादकांच्या संघटनेने, अ‍ॅक्माने, दहा लाख रोजगार धोक्यात असल्याचा इशारा दिला.

पण साखळी कारखान्याच्या गेटवर संपत नाही. आमच्या ओळखीच्या एक ताई तेव्हा चाळीस मुलांचे डबे करायच्या. बहुतेक मुले लातूर, बीड, परभणीकडची, आयटीआय झालेली, एका खोलीत सहा-सहा राहणारी. आधी त्यांचा ओव्हरटाइम बंद झाला, तेव्हा रात्रीचा डबा बंद झाला. मग काम गेले, तशी मुले गावी निघून गेली. दिवाळीपर्यंत ताईंकडे अकरा डबे उरले. खोल्यांना कुलपे लागली, किराणा दुकानदाराने उधारी थांबवली, आणि बचत गटाच्या बैठकीत हप्त्यावरून बायाबायांत भांडणे लागली. या ताईंची नोंद वाहन उद्योगाच्या कुठल्याही आकडेवारीत नाही.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही संघटित आणि असंघटित क्षेत्र असे दोन रकाने शिकलो होतो. चाकणला एकाच लाइनवर, एकाच नटावर काम करणारे दोघे त्या दोन रकान्यांत असतात. एक परमनंट, दुसरा ठेकेदाराचा. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार, ठरावीक आकाराच्या कारखान्यात वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला ले-ऑफच्या दिवसांचा निम्मा पगार मिळे आणि कपात केल्यास सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई. सलग वर्ष म्हणजे २४० दिवस. म्हणूनच ठेकेदाराच्या मुलाला सात महिने झाले की ‘ब्रेक’ दिला जातो. मंदी आली तेव्हा त्याला कोणी काढलेही नाही. दुसऱ्या दिवशी गेटपास चालला नाही, एवढेच.

आणि ठेका कोणाकडे असतो? कामगार पुरवण्याचा, कँटीनचा, भंगाराचा ठेका बहुतेक ठिकाणी जमीन, राजकारण आणि दांडगाई यांच्या जोरावर मिळतो. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, तो हेल्पर म्हणून लागतो आणि हेल्पर म्हणूनच परत जातो. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात जास्त मजुरी होती. तिथे धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना ते खाते बंद होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. आज गेटवर कोणी जात विचारत नाही. पण बेभरवशाचे काम कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न विचारायचे दिवस संपलेले नाहीत.

या मंदीवर सरकारने उपाय काय केला? सीतारामन यांच्या त्या विधानानंतर दहाच दिवसांनी कंपनीकराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आला. गेटपास बंद झालेल्या मुलासाठी त्यात काही नव्हते. पुढे बाजार सावरला. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली, हा विक्रम होता. श्रीमंतांची हौस वाढून एसयूव्हीवर गेली, आणि पहिली छोटी गाडी घेणारा मागेच राहिला. मग कामगार तरी कायम झाले का? उद्योगांच्या वार्षिक पाहणीत ठेका कामगारांचे प्रमाण उलट ४० टक्क्यांच्या वर गेले. विक्री घटली की तोटा शेवटच्या पायरीपर्यंत उतरतो. विक्री वाढली की नफा वरच्याच पायरीवर थांबतो.

कोणी म्हणेल, गाड्या कमी झाल्या तर चांगलेच ना? धूर कमी, कोंडी कमी. आम्हीही तेच म्हणतो. शहराला कार कमी आणि बस जास्त हव्यात. चाकणला पहाटेच्या पाळीला जाणारी मुले बसनेच तर जातात, तीही लोंबकळत. शिवाय विजेवरच्या गाड्या येत आहेत. त्यांत पिस्टन नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. हेच भाग बनवणारे भोसरीतले गाळे उद्या काय करणार? बदल थांबवा असे आमचे म्हणणे नाही. त्या बदलाची किंमत कोण मोजणार, हे आधी ठरवा एवढेच आहे.

मागण्या साध्या आहेत. ठेका कामगारांची नावे मूळ कंपनीच्या नोंदीत असावीत. काम थांबवले तर नोटीस आणि भरपाईची जबाबदारी मूळ कंपनीवर असावी. सात महिन्यांचा ब्रेक देऊन सेवा तोडण्याची पळवाट बंद व्हावी. कंपन्यांना करसवलत द्यायची तर किती जणांना कायम केले, हे पाहून द्यावी. नव्या तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण परमनंटच्या आधी हेल्परला मिळावे, कारण पहिला बाहेर पडणार आहे तो.

पुढची मंदी कधी येईल, ते बाजार ठरवेल. तेव्हा सरकार पुन्हा तरुणांच्या मानसिकतेवर बोलेल. आपण त्याआधीच आपापल्या वस्तीत ठेक्यावर कोण कोण आहे, त्यांची पगारपावती आणि पीएफचा नंबर कुठे आहे, याची यादी करायला घेतली पाहिजे. ज्याच्याकडे कागद नाही, त्याचे काम गेल्याचे सिद्धही करता येत नाही.