फाशांच्या खेळातला अंधार

आज पुन्हा तोच वाद. भयकादंबरीत खून चालतो, मग रोलप्लेइंगच्या डावात क्रौर्य का नको? मला हे पटतं, पण अर्धंच.

१९८०च्या दशकात अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्लेइंग खेळावर सैतानपूजेचा आळ आला. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत खेळाच्या कंपनीने दैत्य-सैतानच गाळले. पुढे ते परतले, पण नवी नावं घेऊन! असल्या सोवळ्याने कुणाचं भलं झालं?

तरी पुस्तक मिटता येतं. डावात माझं पात्र ‘मी’ म्हणून बोलतं, आणि त्याचा छळ करणारा खलनायक समोर बसलेल्या मित्राच्या तोंडून बोलतो. पुढचं वाक्य काय येईल, हे त्यालाही ठाऊक नसतं. म्हणून जॉन स्टाव्हरोपोलस यांचं एक्स-कार्ड मला आवडतं. टेबलाच्या मधोमध एक कार्ड. नकोसं झालं की त्याला हात लावायचा, तो प्रसंग वगळायचा, कारण कुणी विचारायचं नाही. काहींना हे फाजील लाड वाटतात. मी मात्र ते कार्ड असलं की जास्त भीषण गोष्टी रचायला धजावते. लैंगिक अत्याचार तेवढे माझ्या डावात नाहीत. त्यावर वाद घालायलाही मी बसणार नाही.