जादा टन कुणाच्या नावावर?

हा अंक हाती पडेल तेव्हा आमच्याकडे गळीत हंगामाची लगबग असेल. येलदरीचं पाणी सिद्धेश्वर धरणात येतं आणि इथून पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांनी हिंगोली, परभणी, नांदेडच्या शिवारांत जातं. पाण्यामागं ऊस आला, उसामागं गाड्या आल्या. माझी उमेदीची वर्षं ट्रक चालवण्यात गेली; आता नव्या पोरांना शिकवतो. स्टिअरिंग हाती देण्याआधी मी त्यांच्या हाती आरसी बुक देतो.

त्यात गाडीचं पासिंग, म्हणजे मंजूर वजन, असतं. सहा चाकी, दोन ॲक्सलच्या ट्रकला मालासह १६.२ टनांची मर्यादा होती. २०१८ साली ती १८.५ टन झाली. रिकामी गाडी सात टनांची असेल, तर माल साडेअकरा टन. शिवाय पुढच्या ॲक्सलवर ७ आणि मागच्यावर ११.५ टन अशी वेगळी मर्यादा आहेच. एकूण वजन बरोबर असलं आणि माल सगळा फाळक्याकडं रेटलेला असला, तरी पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हवं तसं ऐकत नाही.

उसाच्या फडात वजनकाटा नसतो. टोळीतली माणसं डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढतात, थर लावतात. त्यांची मजुरी टनावर, वाहतुकीचं बिल टनावर. शेतकऱ्याला रान लवकर मोकळं हवं असतं. ‘आता पुरे’ म्हणणारा एकटा ड्रायव्हर, आणि त्याची नोकरी मालकाच्या हातात.

तरीही जबाबदारी त्याची आहेच, कारण गाडी उलटली तर शेजारून जाणारा मोटारसायकलवाला तिच्याखाली सापडतो. म्हणून पोरांना सांगतो, गाडी भरताना केबिनमध्ये झोपू नका. खाली उभे राहा. पाटे किती दबले, टायर किती बसले, थर एका अंगाला कलतायत का, ते बघा. डांबरी लागली की गाडी बाजूला घ्या आणि दोर पुन्हा आवळा. कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी मोळ्या खाली बसतात आणि फडात ताठ असलेला दोर सैल पडतो. उतारावर गाडी कमी गिअरमध्येच ठेवा. जादा वजनानं ब्रेक ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी आवरत नाही.

रस्त्याचं नुकसान तर वजनाच्या कितीतरी पुढं धावतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले गेले. ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं की झीज साधारण सोळापट होते, असा हिशेब त्यातून निघाला. त्या हिशेबानं ११.५ टनांच्या ॲक्सलवर १४ टन लादले, तर झीज दुपटीहून जास्त.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ यातली कलमं ११३ आणि १९४ तिघांना धरतात: गाडी चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा. २०१९ च्या दुरुस्तीनं दंड २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागं २,००० रुपये झाला. चार टन जादा म्हणजे २८,०००. माल हौद्याबाहेर ठरल्यापेक्षा जास्त आला, तर त्याचे २०,००० वेगळे. दंड भरून तशीच गाडी पुढं नेता येत नाही. जादा माल उतरवावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयानंही २००५ साली हेच बजावलं. पण रस्त्यावर गाडी अडवली की तिघांपैकी हाती लागतो तो ड्रायव्हर. बाकीचे दोघे फोनवर असतात.

त्या दोघांविरुद्धचा पुरावा रोज तयार होतो. कारखान्याच्या काट्यावर गाडी आधी भरलेली, मग रिकामी तोलली जाते. जादा टन तिथं कागदावर येतो, मात्र सगळा रस्ता तुडवून झाल्यावर. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या पावतीवर भरलेल्या वजनाशेजारी गाडीचं पासिंग छापावं. शेतकऱ्याला त्याच्या उसाचे पैसे पूर्ण मिळावेत. पासिंगपेक्षा जादा वजनाचं वाहतूक भाडं मात्र कुणालाच मिळू नये. आणि ड्रायव्हरनं ‘बस, गाडी भरली’ म्हटलं की थांबायचं, हे प्रत्येक मालकानं हंगामाआधी टोळीच्या मुकादमाला सांगून ठेवावं. एवढं सांगायला नवा कायदा लागत नाही.