दोन शाली

२०२५ च्या जुलै महिन्यातील चौथा रविवार. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली हा दिवस आजी-आजोबा आणि वृद्धजनांसाठी राखून ठेवला. त्या दिवशी मिस्सानंतर आमच्या चर्चमध्ये ज्येष्ठांचा सत्कार होता. आईचे नाव पुकारले गेले; वय ९१. मी तिला हाताला धरून वेदीपाशी नेले, फादरांनी शाल पांघरली, टाळ्या झाल्या. तिला जागेवर आणून बसवतो न बसवतो तोच माझे नाव पुकारले गेले, वय ६८. तशीच शाल, तोच रंग. मी परत येऊन शेजारी बसलो, तेव्हा आईने माझ्या खांद्यावरची शाल बोटांनी चाचपून पाहिली आणि जरा मोठ्यानेच विचारले, "तुला कशाला दिली रे? तू कुठे म्हातारा झालास?"

मागचा बाक हसला. मीही हसलो. परंतु तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि अजून गेलेला नाही.

तान्हे मूल आणि तेवीस वर्षांचा तरुण यांना आपण कधी एका गटात बसवत नाही. त्या तेवीस वर्षांत शैशव, बाल्य, कौमार्य, तारुण्य असे किती टप्पे आपण मानतो! माझ्यात आणि आईतही तेवीस वर्षांचेच अंतर आहे. पण साठीच्या पलीकडे गेलो की माय-लेकराला एकच शब्द पुरतो.

बरे, हा उंबरठा नेमका कुठे आहे यावरही एकमत नाही. शाळेने मला ५८ व्या वर्षी निरोपाचा नारळ दिला. ५९ वर्षे पुरी झाल्यावर चर्चने उपवासाच्या बंधनातून मोकळे केले. २००७ च्या कायद्याने साठीला ज्येष्ठ नागरिक ठरवले. एसटीने अर्ध्या तिकिटासाठी ६५ पर्यंत थांबवले आणि २०२२ पासून पूर्ण मोफत प्रवासासाठी ७५ ची अट घातली. बिशपांनी पंचाहत्तरी गाठली की राजीनामा सादर करायचा असतो, तर कार्डिनलांचा पोपच्या निवडणुकीतील मताचा हक्क ऐंशीपर्यंत टिकतो. माणूस एकच, पण प्रत्येक खिडकीवर त्याचे म्हातारपण निराळे! त्यात माझी चौदा वर्षांची नात मला 'बूमर' म्हणते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ ते १९६४ या काळात अमेरिकेत पुष्कळ मुले जन्मली, त्या पिढीचे हे नाव. वसईच्या वाडीत १९५७ साली जन्मलेल्या माझ्याशी त्याचा संबंध काय, हे तिलाही सांगता आले नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरच्या घरात आहे. तेव्हा म्हातारी माणसे नव्हती असे नाही; असंख्य बालके पाळण्यातच जात, म्हणून सरासरी इतकी खाली होती. मात्र आज साठी गाठलेल्या माणसापुढे सरासरीने आणखी अठरा वर्षे असतात. अठरा वर्षे म्हणजे जन्मापासून मतदार होईपर्यंतचा काळ! तरीही 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण अजून जशीच्या तशी वापरतो.

मीही ती वापरली आहे. आज तेच सांगायचे आहे.

आई चाळीस वर्षे पहाटेच्या गाडीने विलेपार्ल्याला भाजी घेऊन जात असे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली. टोपलीत वाल, वांगी, अळू आणि वर राजेळी केळ्यांची एखादी फणी. तिची गिऱ्हाइके ठरलेली होती. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाचा मुलगा नापास झाला, हे तिला माहीत असे. त्या टोपलीवर आम्ही भावंडे शिकलो, मी शिक्षक झालो. १९९४ साली तिला साठ वर्षे पुरी झाली, तेव्हा मी म्हणालो, "आई, आता पुरे. तुझे वय झाले. आता बसून खा." सगळ्यांना वाटले, किती गुणी मुलगा! त्यात माया होतीच. पण मास्तरांची आई अजून टोपली घेऊन गाडीत चढते, हे मला शाळेतल्या सहकाऱ्यांसमोर जड जात होते, हेही तितकेच खरे. मी तिचे वय पुढे केले आणि माझी लाज त्यामागे झाकली.

आईने वाद घातला नाही. ती ओट्यावर बसली, आणि एकतीस वर्षे बसून राहिली.

याचा अर्थ मला कळायला माझाच मुलगा कारण झाला. त्या सत्कारानंतर आठवडाभरात तो म्हणाला, "पप्पा, आता स्कूटर विकून टाकू या. तुमचे वय झाले." शब्द तेच होते, स्वरही तोच, माझाच! मी संतापलो. रात्री झोप येईना. मग उठून आईच्या खाटेपाशी गेलो. तीही जागीच होती. विचारले, "आई, तुझे पार्ल्याला जाणे मी बंद केले, तेव्हा तुला वाईट वाटले का गं?"

ती थोडा वेळ छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "वाईट वाटायला वेळ पुष्कळ मिळाला, बाळा."

'वय झाले' हा आपल्या भाषेतील किती निर्दय प्रयोग आहे! वय तर पाळण्यातल्या बाळाचेही होत असते. गुडघ्यांचे वय होते, डोळ्यांचे होते. ते नाकारण्यात शहाणपण नाही. रात्रीच्या वेळी समोरून येणारे दिवे मला आता सोसत नाहीत, म्हणून काळोख पडल्यावर मी स्कूटर काढत नाही. पण एका अवयवाचे वय झाले म्हणून सबंध माणसाला निवृत्त करावे का? कार्डिनल बर्गोलिओ यांनी नियमानुसार पंचाहत्तरीला, २०११ साली, आर्चबिशपपदाचा राजीनामा सादर केला होता. २०१३ च्या मार्चमध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, ते पोप फ्रान्सिस झाले आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये देवाघरी जाईपर्यंत त्या पदावर राहिले. आमच्या हातातल्या शाली ज्या दिवसाच्या होत्या, तो दिवसही त्यांनी पंचाहत्तरीनंतरच सुरू केलेला.

तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांना शाल जरूर द्यावी, पण त्याआधी एक प्रश्न विचारावा: "तुम्हाला अजून काय करावेसे वाटते?" मी तो एकतीस वर्षे उशिरा विचारला. उत्तर मात्र लगेच आले.

आता रविवारी मिस्सा सुटल्यावर तासभर आई आमच्या ओट्यावर बसते. पुढ्यात टोपली, टोपलीत वाडीतली थोडी भाजी आणि असली तर केळी. जुनी चुंबळ तिने पेटीच्या तळाशी जपून ठेवली होती. ती आता टोपलीखाली असते. हिशेब ती तोंडी करते आणि नात मोबाईलवर. आई आधी संपवते. गेल्या खेपेस एका ओळखीच्या बाईंना मी अळूची जुडी पाच रुपये कमी घेऊन दिली. त्या फाटकाबाहेर पडताच आईने मला सुनावले, "तुला धंद्यातले काही कळत नाही. अजून लहान आहेस."

त्या दिवशी अंगावर शाल नसूनही मला ऊब वाटली.