वेव्ह आणि राइट ऑफ

इंग्रजीत वेव्ह आणि राइट ऑफ अशी दोन क्रियापदं आहेत. (हात हलवायचा वेव्ह वेगळा. याच्या स्पेलिंगमध्ये एक आय जास्त!) मराठी पेपरात दोन्हींना बऱ्याचदा एकच शब्द मिळतो, 'माफ'. आता क्रियापदांवरून काय डोकं खायचं, असं म्हणाल. पण आमच्या नांदगाव खंडेश्वरात सोयाबीन-कपाशीवर जगणाऱ्या माणसाला हा फरक महागात पडू शकतो.

मी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. वेव्ह म्हणजे हक्क सोडणं. बाकी शून्य, विषय संपला. 2008 च्या केंद्राच्या कर्जमाफीत 2 हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांचं पात्र कर्ज असं वेव्ह झालं. बँकांना ते पैसे सरकारनं दिले. त्या योजनेच्या नावात 'वेव्हर'च्या शेजारी 'रिलीफ' हा शब्दही होता. तो 2 हेक्टरच्या वरच्यांसाठी : तुमचा हिस्सा आधी भरा, मग सवलत. कोरडवाहू वऱ्हाडात सहा-सात एकरवाला म्हणजे काही बागायतदार नव्हे, पण तो या दुसऱ्या शब्दात गेला.

राइट ऑफचं तसं नाही. कर्ज थकतं, बँक आपल्या नफ्यातून त्याची तरतूद करते आणि ते ताळेबंदातून काढते. कर्जदार मात्र सुटत नाही. आपल्या भाषेत, रेकॉर्ड डिलीट होत नाही, फक्त दुसऱ्या टेबलात जातं. वसुली चालूच. सिबिलमध्ये शेरा राहतो आणि पुढचं पीककर्ज अडतं, ते वेगळंच.

मोठ्या उद्योगांची कर्जं राइट ऑफ झाल्याची बातमी आली की गावाहून काकांचा फोन ठरलेला. "काऊन रे बावा, मोठ्याइचं माफ होते अन् आमचंच काऊन नाई?" मी फरक समजावतो. ते शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "मंग वसुली किती झाली?" इथे माझी शिकवणी संपते. कारण राइट ऑफ झालेल्या रकमेतला मोठा भाग परत येतच नाही.

असो. काकांचा प्रश्न खराच आहे, तरी शब्द वेगळे ठेवायलाच हवेत. "तुमचं राइट ऑफ झालं" एवढं ऐकून कुणी निर्धास्त बसला, तर पुढच्या हंगामात बँकेच्या दारातून रिकाम्या हातानं परत येईल. तेव्हा घरच्यांना एवढंच सांगा : बँकेत जाऊन नो ड्यूज, म्हणजे बेबाकी दाखला मागा. तो मिळाला तर माफ झालं. नाही मिळाला, तर बँकेनं फक्त वही बदलली.