अर्ध्या वाट्याच्या टेकड्या

सायकल म्हटली की मला वडिलांची सायकल आठवते. काळी, दांडीची, मागे कॅरिअर आणि हँडलला डब्याची पिशवी. वडील गिरणीत बदली कामगार होते. पहाटे सायकल हाणत गिरणीच्या फाटकावर जायचे. नाव पुकारले तर पाळी मिळाली, नाही तर भरलेला डबा घेऊन परत. गिरणी बंद पडेपर्यंत हेच चालले. सायकल कामावर जाण्यासाठी असते. हौसेने, फिरायला म्हणून कोणी सायकल चालवतो, हे आमच्या घरात कोणाला ठाऊकच नव्हते.

म्हणून भाचीने फोनवर सांगितले, "मामा, तुम्ही आणि मामी या. इटलीत आपण सायकलीवर आठ दिवस फिरू," तेव्हा मला हसू आले. ती तिकडे सिएना शहरातल्या विद्यापीठात संशोधन करते. शेवटी पतसंस्थेतली मुदत ठेव मोडली, हक्काची रजा टाकली आणि आम्ही दोघे निघालो. निघण्याच्या आदल्या दिवशी विहारात एक जुना सहकारी म्हणाला, "काय भाऊ, चळवळीतला माणूस आता साहेब झाला!" तो थट्टेने बोलला, पण ते बोलणे माझ्याबरोबर विमानात बसले आणि आठही दिवस सायकलीच्या कॅरिअरवर होते.

सिएना हे इटलीच्या मध्यभागी तोस्काना प्रांतात आहे. सगळा मुलूख टेकड्यांचा. जवळजवळ प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर तटबंदीचे जुने गाव आणि खाली शेते. गावे वर का? एक तर शत्रूपासून संरक्षण, आणि दुसरे म्हणजे सखल भागात दलदल आणि हिवताप. त्यामुळे दिवस उताराने सुरू होतो आणि संध्याकाळी मुक्कामाला पोचायचे तर छाती फुटेल असा चढ. आमच्या सायकली भाड्याच्या, बॅटरी लावलेल्या. पहिल्याच चढावर मी मर्दुमकी दाखवायला गेलो आणि धापा टाकत उतरलो. भाची म्हणाली, "मामा, मान-अपमान सोडा आणि बटण दाबा." आमच्या सौभाग्यवतीने शाळा सुटल्यावर सायकलीला हात लावला नव्हता. तिने तासभर मोकळ्या आवारात सराव केला आणि दुपारपर्यंत ती माझ्या पुढे होती!

घाई अशी नव्हतीच. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर. मध्ये थांबायचे, गावातल्या सार्वजनिक नळाचे पाणी प्यायचे, कॉफी घ्यायची. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसून प्यायली तर महाग, हे कळल्यावर आम्ही सगळ्या कॉफ्या उभ्यानेच प्यायलो. बरेच रस्ते डांबरी नाहीत, पांढऱ्या खडीचे आहेत. हे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ पासून तिथे दर ऑक्टोबरात जुन्या सायकलींची फेरी निघते. तिचे नाव 'एरोइका'. १९८७ पर्यंतच्या बनावटीच्या सायकली घेऊन लोक येतात. वडिलांची काळी सायकल त्या गर्दीत परकी वाटली नसती.

निघण्यापूर्वी सिएनाच्या जुन्या नगरभवनातले एक भित्तिचित्र समजून घेतले होते. आम्ब्रोजो लोरेन्झेत्ती नावाच्या चित्रकाराने ते १३३८-३९ मध्ये काढले. चांगला राज्यकारभार असला तर काय होते आणि वाईट असला तर काय होते, हे कारभाऱ्यांच्या डोळ्यांसमोर राहावे म्हणून त्यांच्या बैठकीच्या दालनातच ते रंगवले. चांगल्या राज्यात शहरात घरे बांधली जात आहेत, दुकाने उघडी आहेत, बाहेर शेतात माणसे मळणी करत आहेत. वाईट राज्यात शिंगे असलेला जुलमी राजा बसला आहे आणि न्यायदेवता त्याच्या पायाशी बांधलेली आहे. शेते ओसाड. पावणेसातशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रात राबणारा शेतकरी आहे, हे मला विशेष वाटले. पण त्या मळणीतले किती धान्य त्याच्या घरी जात होते? याचे उत्तर दुसऱ्या दिवशी मिळाले.

सिएनाच्या दक्षिणेला बुओनकोन्वेन्तो नावाचे विटांच्या तटाचे छोटे गाव आहे. तिथे एक संग्रहालय आहे, 'मेत्साद्रिया'चे. मेत्साद्रिया म्हणजे अर्धेलीची शेती. जमीन मालकाची, राबणारे कुळाचे आख्खे कुटुंब, आणि पीक निम्मे-निम्मे. ऐकायला हा सरळ व्यवहार वाटतो. पण मी वाणिज्य शाखेचा माणूस, आयुष्य नावे-जमा लिहिण्यात गेले. मी हिशेब विचारला. प्रत्येक कुळाच्या नावाने एक वही असे. मालकाचा कारभारी ती लिही. बियाण्याची उसनवारी, जनावरांचा खर्च, नुकसान, सगळे तिच्यात चढे. वर्षअखेरीस हिशेब झाला की पुष्कळ कुटुंबे देणेकरीच निघत. वरून सणावाराला मालकाच्या घरी कोंबडी-अंडी पोचवायची. करार वर्षाचा, मालकाने काढले तर बिऱ्हाड उचलायचे. घरात लग्न करायचे तरी मालकाची संमती लागे. कोकणातल्या खोतीविषयी ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ती खोती मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते.

मी वहीच्या गोष्टीत गुंतलो होतो. सौभाग्यवती मात्र घरातली भांडी, सूत काढायची साधने, चूल पाहत होती. ती एकदम म्हणाली, "अर्धा वाटा कुटुंबाचा, हे ठीक. पण त्या अर्ध्यात बाईचा किती?" भाचीने सांगितले, घरातला कर्ता पुरुष करार करी आणि बाहेरचा व्यवहार पाही. बाई शेतात राबे, स्वयंपाक करी, कोंबड्या पाळी, सूत काढी. वही कारभारी लिहीत होता, त्यामुळे मालकाचे सगळे घेणे तिच्यात आले. बाईचे पहाटेचे दळण-कांडण कोणत्या रकान्यात लिहायचे? मला उत्तर सुचले नाही. आमच्या घरखर्चाची वही मीच लिहितो, हेही तेव्हा आठवले.

हे सगळे फार जुने नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर या कुळांनी संघटना केल्या, लढे दिले. तेव्हा वाटा पन्नासाचा त्रेपन्न टक्के झाला. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले आणि वाटा अठ्ठावन्न टक्क्यांवर नेला. १९८२ च्या कायद्याने उरलेले करार खंडाच्या शेतीत बदलण्याची वाट काढली. पण तोवर तरुण माणसे शहरात, कारखान्यांत निघून गेली होती. टेकड्यांवरची दगडी घरे ओस पडली. पुढे शहरातल्या आणि परदेशातल्या पैसेवाल्यांनी ती विकत घेतली, दुरुस्त केली. आज त्यांपैकी कित्येकांत पर्यटक उतरतात. आम्हीही अशाच एका घरात राहिलो. खालच्या मजल्यावर पूर्वी बैल बांधत, तिथे आता जेवणाची टेबले आहेत.

जेवणात पहिल्या रात्री बिनमिठाचा पाव आला. तोस्कानात पाव अळणीच असतो. मग आले 'रिबोल्लिता' म्हणजे पुन्हा उकळलेले. शिळा पाव, घेवड्याचे दाणे आणि काळसर पानांची कोबी एकत्र शिजवलेली. कुळाच्या घरात काही फेकून देणे परवडत नव्हते, त्यातून हा पदार्थ आला. आज तो मोठ्या हॉटेलांत ऐटीत वाढतात. आमच्या आईने शिळ्या भाकरीचे कुटके फोडणीला टाकले की आम्ही पाहुण्यांपासून लपवत होतो. आता नाही लपवणार.

तिसऱ्या दिवशी मोन्ताल्चिनोचा चढ. हा द्राक्षांचा मुलूख. इथली 'ब्रुनेल्लो' वाइन जगात नावाजलेली. सान्जोव्हेजे जातीच्या द्राक्षांची ती वाइन सुमारे पाच वर्षे मुरवल्यावरच विकायचा नियम आहे. लोक दुरून ती चाखायलाच येतात. आम्ही पंचशील घेतलेली माणसे. यजमानाने पेला पुढे केला, भाचीने त्याला समजावले. त्याने मुळीच वाईट वाटून घेतले नाही. घरात जाऊन द्राक्षांचे दोन घोस घेऊन आला. वाइनच्या मुलुखात आम्ही द्राक्षे खाऊन आलो, आणि ती गोड होती.

तोडणी चालू होती. वाकून घोस कापणाऱ्यांत आफ्रिकेतली, पूर्व युरोपातली, आशियातली माणसे दिसली. कुळे गेली, त्यांच्या जागी हे मजूर आले. इटलीत शेतमजूर पुरवणारे मुकादम असतात. त्यांच्या पिळवणुकीविरुद्ध २०१६ मध्ये कडक कायदा झाला. तरीही जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेला लातिना भागात सतनाम सिंग या पंजाबी शेतमजुराचा हात यंत्राने तुटला. त्याला दवाखान्यात नेण्याऐवजी घराजवळ सोडून देण्यात आले, आणि तो मेला. त्यानंतर मजुरांनी मोर्चे काढले. द्राक्षे गोड होती असे वर लिहिले आहे. ती तोडणाराची मजुरी किती, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

शेवटचे दोन दिवस पिएन्झात. इथेच जन्मलेल्या एका पोपने १४५९ पासून हे खेडे नव्याने बांधून काढले. तटावरून ओर्चा नदीचे सगळे खोरे दिसते. नांगरलेल्या तपकिरी टेकड्या, सुरूच्या रांगा, दूर अमियाता डोंगर. तिथल्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ रोज संध्याकाळी येऊन बसत. भाचीने त्यांना बोलते केले. आई-वडील अर्धेलीचे कुळ होते. लहानपणी मालकाकडे अंडी पोचवायचे काम यांच्याकडे असे. त्यांनी बोटाने दाखवले, तो बांध कोणी घातला, तो ओढा कोणी वळवला. ज्या देखाव्याचे फोटो जगभर छापले जातात, तो अशा कुटुंबांनी कुदळीने घडवलेला आहे. "तुमचे वडील इथे येऊन बसत का?" मी विचारले. ते म्हणाले, नाही, त्यांना वेळ कुठे होता? त्यांच्या वाट्याचेही मीच बसतो.

माझे वडील असे कधी बसले नाहीत. १९४५ मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते सांभाळत असताना, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि सलग वर्षभर काम केलेल्या कामगाराला भरपगारी सुट्टीचा हक्क मिळाला. पण वडील बदली कामगार, त्यांचे हजेरीचे दिवस कधी भरलेच नाहीत. घरात मोडलेली प्रत्येक सुट्टी लग्नाची नाही तर मयताची, आणि तीही बिनपगारी.

विहारातल्या मित्राला माझे उत्तर एवढेच. आठ दिवस मी साहेब नव्हतो, रजेवरचा कामगार होतो. ही रजा कोणाची मेहेरबानी नाही, ती कोणीतरी मिळवून दिलेली आहे. परदेशच पाहिजे असे नाही. आपापल्या हक्काच्या रजेतले चार दिवस तरी लग्न-मयताबाहेरचे ठेवा, घरच्या बाईला आणि लेकरांना बरोबर घ्या, आणि जिथे जाल तिथे हे शेत कोणी कसले ते विचारा.

परत आल्यावर घरखर्चाची वही सौभाग्यवतीच्या हाती दिली. पहिल्याच पानावर तिने नवा रकाना आखला आहे. वर लिहिले आहे, 'माझे तास'.