नहपानाचा रिता कोष : अवसरी ते जुन्नर

अवसरी खुर्दहून मंचरमार्गे उत्तरेस निघाले, की नारायणगावावरून जुन्नर गाठता येते. आज हा पट्टा कांदा-बटाट्याच्या व्यापाराचा. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातील बंदरांचा माल नाणेघाट चढून याच परिसरातून पैठणकडे जाई. या वाटेवर ज्याचे राज्य, त्याच्या घरी लक्ष्मी. अशा लक्ष्मीवंताचे नाव जुन्नरच्या मानमोडी डोंगरात कोरलेले आहे : महाक्षत्रप नहपान.

नहपान शकांच्या क्षहरात कुळातला. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर त्याचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरे आढळतात. भडोच बंदरातून त्याचा व्यापार रोमन जगापर्यंत पोहोचला होता. जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यांत आपल्या दानांची नोंद केली आहे. त्यात भिक्षूंच्या खर्चासाठी गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे 3000 कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवल्याचा उल्लेख येतो. 2000 वर दरमहा शेकडा एक, तर 1000 वर पाऊण असे व्याज ठरले होते. मुद्दल अखंड राखावे आणि व्याजातून धर्मकार्य चालावे, ही रीत व्यापारी घराण्यांना परकी नाही.

नहपानाच्या पतनाची कथा जैन आवश्यक सूत्रावरील टीकासाहित्याने जपली आहे. भडोचचा नहपान कोषाने समृद्ध, पैठणचा शालिवाहन सैन्याने. शालिवाहन वारंवार वेढा घाली आणि हात हलवीत परते. कारण नहपान आपल्या योद्ध्यांना सढळ हाताने पारितोषिके देई. अखेर शालिवाहनाचा मंत्री रुसल्याचे सोंग करून भडोचला आला व नहपानाचा विश्वासू बनला. पुण्यसंचयाच्या नावाखाली त्याने देवालये, तलाव यांवर एवढा खर्च करविला, की कोष रिता झाला. पुढच्या स्वारीत योद्ध्यांना देण्यास काहीच उरले नव्हते, नगर पडले.

ही कथा घटनेनंतर शतकांनी लिहिली गेली. तिचा तपशील जसाच्या तसा इतिहास मानता येत नाही. पराभव मात्र निर्विवाद आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा वंश निर्मूल केल्याचे त्याची माता बलश्री हिचा नाशिकचा लेख सांगतो. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 13 हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावरच सातकर्णीचा ठसा उमटविलेला होता. चांदी तीच राहिली, धनी बदलला.

कथेतील दोष दानाचा नव्हे, अविवेकाचा आहे. दुसऱ्याच्या डावाला भुलून, आश्रितांचे देणे विसरून केलेला व्यय पुण्य कसा ठरावा? मानमोडीवरील लेख नहपानाचा अमात्य अयम याचा आहे, वर्ष 46. त्याने मंडप आणि पाण्याचे टाके दिले. नहपानाच्या कारकिर्दीची ही शेवटची ज्ञात नोंद. महाक्षत्रपाच्या मुखवट्यावर परक्याचा ठसा बसला. त्याच्या सेवकाचे पाण्याचे दान मात्र जुन्नरच्या दगडात आजही वाचता येते.